उलटे आटे

मागच्या मे महिन्यात आमच्या हॉलमधला पंखा रुसला. बटण दाबलं की घूं घूं करायचा, पण पाती हलायची नाहीत. काठीनं ढोसलं की फिरायला लागायचा, तोही पाचवर ठेवून एकवर असल्यासारखा. दोन दिवस आम्ही काठी सोफ्याशेजारीच उभी करून ठेवली. तिसऱ्या दिवशी वायरमनला बोलावलं. त्यानं खालूनच मान वर करून पाहिलं, "वाइंडिंग गेलंय ताई, रिवाइंडिंगला खर्च करण्यात अर्थ नाही, नवाच घ्या," असं सांगितलं, दीडशे रुपये व्हिजिटचे घेतले आणि गेला.

मला त्याचा राग आला नाही. कदाचित तो खरं सांगत असेल, कदाचित त्याला स्टुलावर चढायचा कंटाळा आला असेल. यातलं नेमकं काय, हे ठरवायला माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि मला झोंबलं ते हेच. एम.ए. झालेली बाई, पंचवीस वर्षं त्या पंख्याखाली बसतेय, आणि त्याच्या आत काय आहे हे विचारलं तर उत्तर "मोटर". पुढं काही नाही.

शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांना जिन्यात सहज सांगितलं. ते म्हणाले, "काठीनं ढकलल्यावर फिरतो ना? मग मोटर मेलेली नाही. कंडेन्सर बघ." आणि मग जिन्यातच उभं राहून त्यांनी मला समजावलं. घरातल्या सिंगल फेज करंटवर चालणाऱ्या या मोटरला कुठल्या दिशेनं फिरायचं हे आपलं आपण ठरवता येत नाही. कंडेन्सर तिला दिशा देतो, सुरुवातीचा रेटा देतो. "तुझी काठी दोन दिवस कंडेन्सरचंच काम करतेय," ते म्हणाले.

मेन स्विच बंद केला. टेस्टर लावून करंट नसल्याची खात्री केली. स्टुलावर चढून दांड्यावरची वाटी सैल करून खाली सरकवली. यातच पंधरा मिनिटं गेली, कारण स्क्रूवर वीस वर्षांचा रंग चढला होता. आत दंडगोल, पोट फुगलेला कंडेन्सर. त्यावर २.५ हा आकडा. बंद केल्यावरही हा थोडा वेळ करंट धरून ठेवतो, म्हणून काकांनी आधी त्याची दोन टोकं प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरनं एकमेकांना भिडवायला लावली. दुकानातून त्याच आकड्याचा नवा आणला, साठ रुपयांना. दोन वायरी जोडल्या, वाटी वर, मेन चालू. पंखा असा सुटला की टेबलावरचं वर्तमानपत्र उडालं.

अशा गोष्टी सांगताना आपण हिशेबावर थांबतो: साठ रुपयांत काम झालं, तीन हजार वाचले. मी तो हिशेब मांडणार नाही. एक तर त्यानंतर मी टेस्टर, पक्कड, दोन पाने आणि स्क्रू ड्रायव्हरचा एक संच घेतला, त्यात वाचलेले बरेचसे पैसे गेले. दुसरं म्हणजे पैसे वाचणं हा यातला सर्वांत छोटा फायदा आहे आणि तोच पुढं केल्यामुळे आपला सगळा वाद चुकीच्या रस्त्यानं जातो. लगेच कुणीतरी म्हणतं, "माझ्या एका तासाची किंमत त्यापेक्षा जास्त आहे." असेल बुवा. त्या तासात तो काय करतो हे मी विचारत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. दुरुस्ती येणं ही साक्षरता आहे. मुंबईत जीपीओसमोर पूर्वी पत्रं लिहून देणारे बसायचे. ज्याला लिहिता येत नाही तो त्यांच्यासमोर उकिडवा बसून मजकूर सांगायचा, आणि ते कागदावर काय उतरवतात ते त्याला कळायचं नाही. माणसं लिहायला शिकली ती काही पत्रामागचे दोन रुपये वाचवायला नाही. अंगठा कशावर उठवतोय ते कळावं म्हणून शिकली. लिहिता येणारा माणूसही वकिलाकडे जातोच, पण दस्त वाचून सही करतो. वस्तूंच्या बाबतीत आपण बहुतेक सुशिक्षित लोक अजून अंगठेबहाद्दर आहोत.

पंख्यानंतर चारेक महिन्यांनी पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिस करायला एक मुलगा आला. वर्षाचा करार होता. नळी काढली, नाक मुरडलं, "मेंब्रेन गेलंय, बदलावं लागेल, ते करारात येत नाही." पूर्वी मी पाकीट काढलं असतं. आता ड्रॉवरमधून टीडीएस मीटर काढला. पाण्यात विरघळलेले क्षार किती ते सांगणारं पेनाएवढं यंत्र, शे-दोनशे रुपयांत मिळतं. नळाचं पाणी मोजलं, फिल्टरचं मोजलं. फिल्टरचा आकडा मागच्या वर्षी नवं मेंब्रेन बसवलं तेव्हा होता त्याच्या आसपासच. मी काही बोलले नाही, दोन्ही ग्लास त्याच्यासमोर ठेवले. तो हसला आणि म्हणाला, "चालेल अजून सहा महिने." मी तिथं काहीही दुरुस्त केलं नव्हतं. नुसतं वाचता आलं.

या साक्षरतेत एक निखळ आनंदही आहे आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. मिक्सरच्या भांड्याखाली फिरणारा तो रबरी कपलर घ्या. झिजला की मोटर नुसती घरघरते आणि वाटण होत नाही. बदलायला जावं तर निघत नाही. आपण नेहमीच्या सवयीनं डावीकडे फिरवतो, जोर लावतो, पक्कड आणतो, शेवटी तोडतो. बहुतेक मिक्सरना तिथं आटे उलटे असतात. उजवीकडे फिरवला की सुटतो. का? तर मोटर फिरते तसा कपलर आपोआप आवळला जावा, सैल होऊन उडू नये म्हणून. सायकलच्या डाव्या पायडलचंही तसंच, आटे उलटे. नाहीतर पाय मारता मारता पायडल रस्त्यात गळून पडेल. थ्री-पिन प्लगची वरची पिन लांब आणि जाड का? आत जाताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटावं म्हणून. ही उत्तरं मला पन्नाशीत कळली. आयुष्यभर हजारो वेळा तो प्लग हातात धरला, आणि कुणीतरी आपल्या जिवाचा इतका बारीक विचार करून ठेवलाय याचा पत्ता नव्हता. एखादा जुना अभंग दहा वेळा म्हटल्यावर अकराव्यांदा त्याचा अर्थ लागावा, तसं काहीसं वाटलं.

आता कुणी म्हणेल, ही पुरुषांची कामं. या म्हणण्याचं मला नवल वाटतं, कारण मी दुरुस्ती पहिल्यांदा पाहिली ती आईच्या हातात. साताऱ्याच्या घरी पितळी स्टोव्ह होता. पंप मारताना हवा धरेनाशी झाली की आई दांडा बाहेर ओढायची. टोकाला चामड्याचा वायसर असायचा, वाळून आकसलेला. ती त्यावर खोबरेल तेलाचा थेंब सोडायची, कडा बोटांनी हलके फाकवायची आणि दांडा परत आत. बर्नर चोंदला की पिन मारायची. ज्योत पिवळी होऊन काजळी धरायला लागली की पिनची वेळ झाली हे तिला आवाजावरूनही कळायचं. गल्लीतल्या सगळ्याच बायका हे करत. याला दुरुस्ती कुणी म्हणत नव्हतं, घरकाम म्हणत. म्हणून त्याचं श्रेयही कुणी दिलं नाही आणि गॅस आला तेव्हा ते ज्ञान गेलं त्याची नोंदही झाली नाही. त्याच बाईला नंतर घरात मिक्सर आल्यावर "तू हात लावू नकोस, शॉक बसेल" असं सांगण्यात आलं. मिक्सर वापरायची तीच. चालता चालता बंद पडला तर भाजी खोळंबायची तिची. आणि तळाशी असलेलं ते लाल बटण, जास्त लोड आला की सटकन बाहेर येतं आणि मोटर थंड झाल्यावर दाबलं की मिक्सर पुन्हा सुरू होतो, ते तिला कुणी दाखवलं नाही. त्या बटणापायी किती मिक्सर पिशवीत घालून दुकानात गेले असतील आणि दुकानदारानं ते दाबून शंभर रुपये घेतले असतील, देव जाणे.

पण सगळा दोष आपल्या आळसावर टाकणंही बरोबर नाही. वस्तूच बदलल्यात. पूर्वीच्या मोबाइलचं मागचं झाकण नखानं निघायचं आणि बॅटरी हातात यायची. आता ती आत गोंदानं चिकटवलेली. काही यंत्रांना पाच पाकळ्यांचे स्क्रू, जे नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरला दादच देत नाहीत. गाडीत काय बिघडलंय ते सांगणारं सॉफ्टवेअर कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरकडे. हे ग्राहकाच्या सोयीसाठी आहे असं सांगितलं जातं. भारतीय स्पर्धा आयोगाला तसं वाटलं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण काय, तर या कंपन्या अस्सल सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नव्हत्या. प्रकरण पुढं अपिलात गेलं ते वेगळं, पण आपल्या नाक्यावरचा मेकॅनिक "नव्या गाड्यांचं मला जमत नाही" म्हणतो तेव्हा ते नेहमीच त्याचं अडाणीपण नसतं, एवढं त्या निकालानं कागदावर आणलं.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टलही सुरू झालं, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथं ठेवावी म्हणून. चांगलं आहे, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर त्या किती दुरुस्त होण्याजोग्या आहेत याचे दहापैकी गुण छापायला लागले, ग्राहकाला दुकानातच दिसतील असे. युरोपीय संघाचा नियम असा आहे की फेब्रुवारी २०२७ पासून हातात वागवायच्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्यालाच काढता-घालता आली पाहिजे. आपल्याकडेही गुण देण्याची चर्चा आहे. ती पुढं सरकायला हवी, आणि मला वाटतं ती सरकण्यासाठी झाकण उघडून पाहणारी माणसं लागतील. ज्यानं कधी झाकण उघडायचा प्रयत्नच केला नाही, त्याला ते चिकटवलेलं आहे याचा राग कसा येणार?

इथं मला आपली जुनी बलुत्याची रीत आठवते, आणि तिचं नाव काढताना हात थोडा आखडतो. गावातला सुतार-लोहार वर्षभर शेतकऱ्याचा नांगर, कुळव, मोट, गाडी चालती ठेवायचा आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचा. त्याला मोबदला मिळायचा तो अवजार वर्षभर चालतं राहण्याचा. फाळ वरचेवर मोडला तर काम त्याचंच वाढायचं, धान्य वाढत नव्हतं. आजचं गणित नेमकं उलटं आहे, वस्तू मोडली की विकणाऱ्याचं फावतं. पण ही रीत जातीला बांधलेली होती. लोहाराच्या मुलानं लोहारच व्हायचं, आणि ज्याचं बलुतं अडवलं त्याच्या घरी चूल अडायची. तिचे गोडवे गाणाऱ्यांत मी नाही. उलट तिनं आपल्या डोक्यात एक किडा सोडून ठेवलाय असं मला वाटतं: हात काळे करणं हे दुसऱ्याचं काम, आपलं काम सांगायचं. आमच्यासारख्या पांढरपेशा घरांत ही सवय अजून जिवंत आहे. प्लंबरला "अरे ए" म्हणून हाक मारणारा माणूस डॉक्टरला "अहो डॉक्टर" म्हणतो, आणि दोघंही तुंबलेल्या नळ्याच मोकळ्या करत असतात. स्वतः एकदा ओल्या जागेत पालथं पडून सिंकखालचा पाइप आवळून पाहिला की "अरे" आपोआप "अहो" होतं. माझं झालं.

शाळेनं हे करायला हवं होतं. आमच्या वेळी कार्यानुभव नावाचा तास असायचा. मी त्यात क्रेप कागदाची फुलं केली, सलग तीन वर्षं. तोच गुलाब. गांधीजींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हातानं काम करत शिकण्याची कल्पना मांडली, तिचं पुढं काय झालं ते त्या गुलाबावरून कळावं. अपवाद आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतलं संशोधकाचं काम सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तोही दुष्काळी गावात. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक शाळांत पोहोचला. मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक असं सगळं शिकतात, आणि त्यात मुलगे-मुली असा भेद नाही. कलबागांचा मुद्दा साधा होता: हातानं करताना डोकं जास्त शिकतं. मग हे उरलेल्या शाळांत का नाही? दहावी झालेल्या प्रत्येक मुलाला थ्री-पिनची वायर जोडता यावी, नळाचा वायसर बदलता यावा, पंक्चर काढता यावं, विजेचं मीटर वाचता यावं. एवढ्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक जुना नळ, एक ट्यूब आणि घमेलंभर पाणी पुरे.

सगळं उघडायचं असं मी म्हणत नाही. मायक्रोवेव्हला हात लावायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये जिवावर बेतेल इतका करंट साठलेला असू शकतो. फुगलेली मोबाइलची बॅटरी टोचायची नाही. गॅसच्या नळीला गळती असेल तर पक्कड शोधायची नाही, सिलिंडर बंद करून खिडक्या उघडायच्या. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच्या जागी दुसरंच काहीतरी ठोकून बसवणारे बहाद्दर मी पाहिलेत. तो व्हॉल्व्ह उष्णतेनं वितळावा म्हणूनच तसा केलेला असतो, तो वितळला म्हणजे त्यानं आपलं काम केलं. तिथं त्याच कंपनीचा तोच भाग हवा. साक्षर माणसाला कुठली सही आपण करायची नाही हेही कळतं.

राहिला सगळ्यांत वजनदार आक्षेप: तुम्ही सगळेच शिकलात तर त्या कारागिरानं खायचं काय? या प्रश्नानं मी खरंच थबकले होते. पण गेल्या वर्षभरात मी दुरुस्तीवाल्यांकडे पूर्वीच्या कितीतरी पट वेळा गेले आहे. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत, आणि मुंबईला गेले की लॅमिंग्टन रोडवर (त्याचं खरं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे हे दुकानदारांनाही आठवत नाही). कपलर आणायला, वायसर आणायला, आणि अर्धवट उघडून फसलेलं काहीतरी पिशवीतून घेऊन, शरमेनं. वस्तू न उघडणारा माणूस कारागिराकडे जात नाही, तो शोरूममध्ये जातो. आमच्या गल्लीतला मिक्सर-इस्त्रीवाला दुकान बंद करून गेला तो माझ्यासारख्यांमुळे नाही. "फेका, नवा घ्या" म्हणणाऱ्यांमुळे गेला.

आणि घरोघरी सगळ्यांना सगळं जमेल याची काळजी कारागिरांनी अजिबात करू नये. दिवाळीच्या आधी बाथरूमचा नळ गळत होता. वायसरचं काम, किती वेळ लागतो, असं म्हणून मी पाना लावला आणि वरचा भाग फिरवला. मेन कॉक बंद करायचा विसरले होते. पाण्याचा जो फवारा उडाला तो थेट छताला. मी एका हातानं भोक दाबून धरलंय, दुसऱ्या हातानं फोन, आणि कॉक नक्की कुठं आहे हे पंचवीस वर्षं त्या घरात राहून मला ठाऊक नाही. प्लंबर दहा मिनिटांत आला, गच्चीवर जाऊन कॉक बंद केला आणि खाली येऊन जिन्यात बसून हसला. मग मला गच्चीवर घेऊन गेला, आमचा कॉक कुठला ते दाखवलं, त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधून ठेवला. वायसर मात्र त्यानं बसवला नाही. पाना माझ्या हातात दिला आणि शेजारी उभा राहिला. पैसे दोनशे घेतले, फोनमध्ये स्वतःचा नंबर सेव्ह करायला लावला. आता मी फोन केला की नमस्कारही न करता तो पहिला प्रश्न विचारतो, "ताई, काय उघडलंत?"